लाकडी रूळ, एक

मी आजवर केलेल्या याद्या एकावर एक रचल्या तर माझ्या खांद्याला लागतील. त्यांत चुका असतीलच, पण जाणूनबुजून केलेली खोटी नोंद एकच आहे: 'लाकडी रूळ, एक. मधोमध तडकल्याने टाकून दिला.' तो रूळ तडकला नव्हता. टाकूनही दिला नव्हता. तो तुकाराम जगदाळे मिस्त्रींकडे होता आणि मी तो परत मागणार नव्हतो.

रूळ म्हणजे रजिस्टरात रेघा मारायचा गोल दांडका. आमचा शिसवी होता, हातभर लांब, दोन्ही टोकांना सपाट. मध्य भारत राज्य झाल्यावर मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मोठ्या बागेच्या कचेरीत कारकून म्हणून आलो, तेव्हा टेबल, दौत, टाचण्यांची डबी आणि हा रूळ इतकं सामान माझ्या ताब्यात मिळालं. तिसऱ्या दिवशी खाकी कोट घातलेला एक ठेंगणा माणूस आत आला, म्हणाला, "बाबूसाहेब, ती काठी द्या जरा," आणि मी हो म्हणायच्या आत रूळ घेऊन गेला. अर्ध्या तासानं परत आणून ठेवला. एक टोक तेलानं माखलेलं होतं. मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन महिन्यांत ते टोक कायमचं काळं झालं आणि मी दुसऱ्या टोकाकडून रेघा मारायला लागलो.

कचेरीच्या शेजारी पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये बागेचा छोटा ट्रॅक्टर. संस्थानी दरबारच्या काळात हिरवळीसाठी विलायतेहून आणलेला. गवत कापायचं यंत्र, पाण्याची टाकी, जमीन दाबायचा लोखंडी रोलर, जे मागे जोडाल ते तो ओढायचा. रंग एकेकाळी लाल असावा, आता विटेसारखा झाला होता. जगदाळे त्याचे मिस्त्री. हुद्दाच तसा होता: 'ट्रॅक्टर-मिस्त्री, बाग'. पद त्या यंत्राला जोडलेलं होतं. पुढचं समजायला एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आलेले. आजोबा तोफखान्यात, वडील तोफखान्यात, हेही सुरुवातीची काही वर्षं तिथेच. त्यात डावा कान गेला. "डावा कान तोफेला दिला," असं ते सांगत, बहिणीला शेत दिलं म्हणून सांगावं तसं. मग त्यांना मोटारखान्यात घेतलं, तिथून बागेत. ज्यांना त्यांच्याशी बोलायचं असे ते सगळे उजव्या बाजूला जाऊन उभे राहत. नव्या माणसाला हे ठाऊक नसे. तो डावीकडून पाच मिनिटं बोले, आणि मग जगदाळे मान वळवून म्हणत, "काही बोलून राहिलात का?"

कोटाची गोष्ट सांगतो. तो जुन्या मोटारखान्याचा कोट. राज्य विलीन झालं तेव्हा हुकूम आला की जुनी निशाणी असलेली बटणं काढावीत. बाकीच्यांनी काही काढली, काही तशीच ठेवली. जगदाळ्यांनी पाचही त्याच दिवशी काढून जमा केली आणि नया बाजारातून दुसरी आणून लावली. ती काजांपेक्षा मोठी निघाली. तेव्हापासून तो कोट कधी लागला नाही. ग्वाल्हेरच्या थंडीतही उघडाच. मी म्हटलं, "मिस्त्री, काजं मोठी करून घ्या की." ते म्हणाले, "काजांबद्दल हुकूम नाही आला."

हा विनोद होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र ते विनोद करत नसत. कुठलंही यंत्र बिघडलं म्हणून कोणी आलं की आधी हात लावायचे नाहीत. विचारायचे. कधीपासून? कोण चालवत होतं? आधी काय बदललं होतं? आणि शेवटचा प्रश्न, तो ठरलेला: "आवाज जातो कधी?" लोक म्हणायचे, "मिस्त्री, आवाज येतो म्हणून तर आलोय." त्यावर ते म्हणत, "कुठून येतो ते सगळेच सांगतात. कधी जातो ते बघून या."

आमचे सुपरिंटेंडेंट दातेसाहेब. त्यांच्या खोलीतला पंखा टकटक करायचा. वीजवाले दोनदा येऊन गेले, पंखा उतरवून तेल घालून गेले, टकटक चालूच. शेवटी जगदाळ्यांना बोलावलं. ते दारात उभे राहिले.

"साहेब, आवाज जातो कधी?"

"जात नाही हो. दिवसभर असतो."

"तुम्ही जेवायला जाता तेव्हा?"

"तेव्हा मी इथे नसतो, मला काय माहीत?"

जगदाळे म्हणाले, "मग जरा जेवायला जाऊन या."

दातेसाहेब उठले. टकटक थांबली. पंखा तसाच फिरत होता. साहेबांना पाय हलवायची सवय होती आणि खुर्चीचा एक पाय फरशीला टेकत नव्हता. जगदाळ्यांनी खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी घातली आणि निघून गेले. हसले नाहीत. हसण्याचं काम मुख्य माळी हरप्रसादनं केलं, आठवडाभर, सगळ्या बागेत: "पंखा ठीक है जी, साहब को तेल लगाओ।"

खंडेनवमीला मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. घरात एक तलवार होती, वर्षभर फडक्यात गुंडाळलेली, त्या दिवशी बाहेर काढायची. चौरंगावर तलवार, तिच्या शेजारी पाने, पकडी, हातोडी ओळीनं मांडलेली. आणि शेवटी माझा रूळ. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. मी रुळाकडे बघत होतो. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सरकारी आहे, उद्या परत देतील हं." दुसऱ्या दिवशी दहाच्या आत रूळ माझ्या टेबलावर होता. हळद गेली नव्हती. त्या महिन्यातल्या रजिस्टरांच्या कडेला मधूनमधून पिवळा डाग दिसतो.

मग मध्य भारतही मोडलं. मध्यप्रदेश झालं, राजधानी भोपाळ ठरली, आणि कचेऱ्या बांधून निघायला लागल्या. जयेंद्रगंजात आमच्या आळीतली दोन घरं एका आठवड्यात रिकामी झाली. मी सकाळी कामावर जायचो, यादी करायचो, संध्याकाळी घरी यायचो. फवाऱ्याच्या तोट्या. कुंड्या, मोठ्या. कुंड्या, फुटक्या. लोक मला विचारत, "बर्वे, तुम्हाला काही वाटत नाही का हो?" वाटत असेल. मला तेव्हा कळलं नाही. यादी करताना पुढच्या ओळीकडे बघायचं असतं.

त्याच पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर घरघरायला लागला.

जगदाळ्यांनी एक अख्खी सकाळ त्याला दिली. मला बोलावून घेतलं, कागद-पेन्सिलीसकट, कारण एका कानानं ऐकायचं आणि हातानं लिहायचं हे एकदम जमत नव्हतं. त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर न टाकता. बारीक घरघर. क्लच दाबला. गेली. "लिहा, क्लच दाबला की जाते." पहिला गिअर टाकून रोलर ओढला. घरघर मोठी, पोटातून येणारी. दुसरा टाकला. तशीच. तिसरा टाकला, आणि ट्रॅक्टर एकदम गप्प झाला, खोलीतून कोणी उठून गेल्यासारखा.

"लिहा. तिसऱ्यात जाते."

"म्हणजे काय झालं, मिस्त्री?"

"मतलब, तिसऱ्यात जोर सरळ मागे जातो. पहिल्या-दुसऱ्यात तो खालच्या दांड्यावरून फिरून जातो. म्हणून दुखणं खालच्या दांड्याचं."

मग रूळ. काळं टोक गिअरपेटीवर, दुसरं उजव्या कानाला, डोळे मिटलेले. पुढच्या बाजूला टेकवला, मागच्या बाजूला टेकवला, पुन्हा पुढे. एकदा कानाऐवजी दातांत धरला. "ऐका," म्हणून माझ्याकडे दिला. मला नुसता गोंधळ ऐकू आला. ते म्हणाले, "बरोबर. तुम्ही सगळं ऐकून राहिलात. एकच ऐका." दुसऱ्यांदा मला मागच्या बाजूला काहीतरी खरखरताना ऐकू आलं, दळणात खडा आल्यासारखं. किंवा त्यांनी सांगितलं म्हणून आलं असेल.

शेवटी पेटीतलं तेल पांढऱ्या थाळीत काढलं आणि थाळी उन्हात धरली. तेलात चमचमणारी बारीक पूड होती. बोटांत चोळून ते म्हणाले, "तुकडे नाहीत. दात शाबूत आहेत. मागचं बेअरिंग संपलंय, बस्स. एक बेअरिंग बदललं की ही गाडी आणखी दहा वर्षं चालेल. नाही बदललं आणि चालवत राहिलो तर दांडा खाली बसेल, दात एकमेकांना खातील, आणि एक दिवस पेटी फुटेल."

बेअरिंग ग्वाल्हेरात नव्हतं. नया बाजारातल्या मोटार-सामानाच्या दुकानांत ते माप घेऊन दोन दिवस फिरले. दिल्लीहून मागवावं लागणार होतं. मागणीपत्र मी तयार केलं, पण त्यावर शिक्का लागतो. जुना शिक्का जमा झाला होता आणि नवा आला नव्हता.

त्याच्या आधी सामान तपासणारी समिती आली. म्हणजे येणार असल्याचं पत्र आलं, आणि सोबत छापील तक्ता. आमच्या जुन्या यादीत तीन रकाने असायचे: चालू, दुरुस्तीयोग्य, निकामी. नव्या तक्त्यात दोनच होते: चालू आणि अनुपयोगी. चालू ते नव्या खात्याकडे, त्यांच्या माणसांसकट. अनुपयोगी ते लिलावात, आणि त्यावरची पदं रद्द. माणसांना जिथे जागा असेल तिथे नेमायचं.

मी हे जगदाळ्यांना उजव्या बाजूला उभं राहून वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "मला कुठे नेमतील?"

"चौकीदार म्हणून कुठेतरी. पगार तोच राहील, असं लिहिलंय."

"यंत्र?"

"यंत्र नाही."

ते शेडकडे गेले.

उपाय हरप्रसादनं काढला. तो जुना माणूस, त्यानं मोटारींचे दलाल पाहिलेले. "मिस्त्रीजी, बुरादा डाल दो। गाढ़ा तेल और बुरादा। चार दिन चूँ नहीं करेगी। कमिटी आएगी, चाय पिएगी, चली जाएगी। बेरिंग बाद में मँगाते रहना।" लाकडाचा भुसा जाड तेलात कालवून गिअरपेटीत भरला की आवाज दबतो. दातेसाहेबांच्याही कानावर हे गेलं असावं, कारण ते नेमके समितीच्या वेळी दोन दिवसांच्या रजेवर गेले.

मला ते पटलं. मी व्यवहारी माणूस आहे. माझ्या दृष्टीनं हिशेब सरळ होता: चार दिवसांचा भुसा, मग समिती गेली की पेटी धुऊन टाकायची, शिक्का आला की बेअरिंग. कोणाचं नुकसान नव्हतं. मी त्या दिवशीच्या कामांच्या यादीत लिहिलं, 'भुसा, एक पिशवी', सुताराकडून आणला आणि शेडमध्ये ठेवला. यादीत खूण केली.

जगदाळ्यांनी पिशवीत हात घातला, भुसा मुठीत घेतला, सोडला.

"चांगला आहे. सागाचा."

"घाला मग. उद्या सकाळी येताहेत."

"बर्वेबाबू, उद्या समितीतल्या कोणी विचारलं, मिस्त्री, काही आवाज आहे का, तर मी काय सांगू?"

"सांगा, नाही. नसणारच की तेव्हा."

ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते बहुधा तेव्हाच. "एक कान सरकारात गेला," ते म्हणाले, "दुसरा राहिला त्याच्यावर तर पोट आहे. त्यात भुसा कसा घालू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा भुसा वापरलेला होता. ट्रॅक्टरखालच्या फरशीवर सगळीकडे पसरलेला. वर्षानुवर्षांचं सांडलेलं तेल त्यानं शोषून घेतलं होतं आणि हरप्रसाद तोंड पाडून तो झाडत होता. शेड इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. पिशवी घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली होती.

समितीचे अधिकारी तरुण होते, सभ्य होते. कुठूनही आले असते तरी असेच असते. त्यांनी ट्रॅक्टर चालवून दाखवायला सांगितलं. हरप्रसाद जगदाळ्यांच्या उजव्या बाजूला सरकून पुटपुटला, "तीसरे में उठाओ, सीधे तीसरे में।" जगदाळ्यांनी रोलर जोडला, पहिला गिअर टाकला, जसा टाकायचा तसा. घरघर सगळ्या हिरवळीवर पसरली.

"ये आवाज़ कैसी है?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नीचे वाले शाफ्ट की पिछली बेरिंग गई है, साहब। बदल दीजिए तो दस साल चलेगी।"

"और न बदलें तो?"

"तो मत चलाइए।"

अधिकारी थोडे गोंधळले. त्यांच्यासमोर तक्ता होता आणि तक्त्यात दोन रकाने होते. "देखिए, मुझे इतना बताइए, आज की तारीख़ में ये चल रही है या नहीं चल रही?"

जगदाळे इंजिन बंद करून खाली उतरले होते. ते म्हणाले, "चल रही है, साहब। पर चलानी नहीं चाहिए।"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहत होतो. ते म्हणाले, "अनुपयोगी लिख दीजिए," आणि मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. रेघ मारायला रूळ मागितला, तो जगदाळ्यांच्या हातात होता. त्यांनी दिला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. पुढे मी सगळ्या तक्त्यांच्या प्रती जुळवत होतो, तेव्हा मोरारच्या एका कारकुनाचा तक्ता हाती आला. रस्ता दाबायच्या इंजिनासमोर त्यानं 'चालू' लिहिलं होतं आणि डाव्या समासात बारीक अक्षरात: 'एक पुर्जा बदलल्यावर.' ते इंजिन नव्या खात्याकडे गेलं, मिस्त्रीसकट. कोणी हरकत घेतली नव्हती. समास माझ्याही तक्त्याला होता. पण समास कोरा ठेवायची मला सवय. त्या दिवशी शेडसमोर उभा असताना, समासात काही लिहिता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जगदाळ्यांनी दोन्ही गोष्टी खऱ्या सांगितल्या होत्या. मी त्यातली एक लिहिली.

हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

लिलाव झाला. एका वीटभट्टीवाल्यानं ट्रॅक्टर नेला. जगदाळ्यांनी त्याच्या माणसाला अर्धा तास बेअरिंगचं समजावलं, माप कागदावर लिहून दिलं. तो माणूस "हाँ हाँ" म्हणत होता. डावीकडे उभा राहून म्हणत होता, त्यामुळे जगदाळ्यांना ऐकू आलं नसेल. त्यांचा नेमणुकीचा कागद दुसऱ्या आठवड्यात आला: थाटीपूर, सरकारी वसाहत, पंपघर, चौकीदार. ताबा देताना मी सामान तपासलं. पाने बरोबर, पकडी बरोबर. शेवटी त्यांनी रूळ पुढे केला. मी तो घेतला नाही. मी रजिस्टरात लिहिलं, मधोमध तडकल्याने टाकून दिला. त्यांनी उलटं वाचलं, रूळ दोन्ही हातांत धरून नीट पाहिला, आणि म्हणाले, "तडकला नाही, बाबू."

"मला दिसतोय तडकलेला," मी म्हटलं.

त्यांनी तो कोटाच्या आतल्या बाजूला सरकवला. बटणं लागत नव्हतीच.

थाटीपूरला माझं जाणं व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. वसाहतीच्या सामानाची मोजणी होती. पंपघर शेवटचं. जगदाळे बाहेर स्टुलावर बसले होते, तोच कोट खांद्यावर टाकून. मी उजव्या बाजूला गेलो. त्यांनी पाणी दिलं. घरचं विचारलं, मी त्यांच्या घरचं विचारलं. आत पंप चालू होता.

"कसा आहे पंप?"

"पुढून बोलून राहिलाय. महिनाभर झाला." मग म्हणाले, "पण तो दुसऱ्या खात्याचा. मी फक्त दाराचा."

मी तक्ता काढला. पंप, एक, चालू. मग समासात लिहिलं: 'पुढची बाजू तपासावी, तु. जगदाळे यांचे सांगणे.' त्यांनी उलटं वाचलं.

तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. मागे विटांची गाडी, भरलेली. रंग विटेसारखाच, म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. जगदाळे उभे राहिले होते. ट्रॅक्टर चढावर होता, जोर लावत, हळू, आणि त्याच्या पोटातून काहीही येत नव्हतं. इंजिनाचा आवाज तेवढा.

"दुसऱ्यात आहे," ते म्हणाले. आणखी ऐकलं आणि म्हणाले, "दुसऱ्यात आहे आणि गप्प आहे."

"बेअरिंग बदललं असेल," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "भुसा."

ते काटेरी तारेच्या कडेकडेनं चालत निघाले, ट्रॅक्टरच्या वेगानं. तो वेग फार नव्हता. तार संपते तिथपर्यंत गेले आणि थांबले, कारण त्यापुढे त्यांची हद्द नव्हती. रूळ हातात होता, त्याला टेकवायला काही नव्हतं.

मी कागद आवरले. चारची बस होती. फाटकातून वळून पाहिलं तेव्हा ट्रॅक्टर दिसेनासा झाला होता. जगदाळे तसेच उभे होते, उजवा कान रस्त्याकडे करून, न येणारा तो आवाज ऐकत.